घरकुलांची निविदा आणि लोकांची गैरहजेरी

छत्रपती संभाजीनगरच्या महानगरपालिकेने 2022 साली पंतप्रधान आवास योजनेखाली सुमारे 40 हजार घरांची निविदा काढली. काम चार हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीचे होते. 2023 च्या फेब्रुवारीत त्याच निविदेबाबत पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. एकमेकांचे स्पर्धक म्हणवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या निविदा एकाच आयपी पत्त्यावरून भरल्या, असा आरोप होता. मार्चमध्ये सक्तवसुली संचालनालयाने छापे घातले. आरोपींचे दोषित्व ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे. परंतु एक प्रश्न न्यायालयात सुटणारा नाही. एवढी मोठी योजना मंजुरीच्या एकेक पायरीवर तपासली जात असताना ती तपासणारे होते कोण?

उत्तर सरळ आहे. नगरसेवकांची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार एका खुर्चीत एकवटले. प्रस्ताव मांडणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा एकच असेल, तर त्या छाननीला छाननी म्हणावे काय? मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, हा 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीचा आदेश या काळात कागदावरच राहिला. नगरसेवक धुतल्या तांदळासारखे होते, असा दावा कोणी करणार नाही. तथापि सभागृहात विरोधी बाक असतो, प्रेक्षकांचा सज्जा असतो, वार्ताहर असतात. फाईलीला यांपैकी काहीच नसते.

या गैरहजेरीची किंमत गरिबांनी मोजली. शहरात घरासाठी अर्ज करणाऱ्यांची संख्या 80 हजारांच्या घरात गेली. हे अर्ज वाळूज, चिकलठाणा येथील कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्यांचे, धुणीभांडी करणाऱ्या बायकांचे, हातगाडीवाल्यांचे. पडेगाव, तिसगाव, हर्सूल, सुंदरवाडी अशा शहराच्या कडेच्या जागा त्यांच्यासाठी ठरल्या. पुढे फेरनिविदेच्या वेळी घरांचा आकडा सुमारे 11 हजारांवर उतरला. जमीन सरकारी, योजना तीच, गरजूही तेच. मग सुमारे 29 हजार घरे गेली कोठे? त्या जमिनींची मोजणी, त्यांचे चढउतार, तेथवर पाणी आणि शहर बस नेण्याचा खर्च यांची चर्चा निविदेपूर्वी प्रभागाप्रभागांत झाली असती, तर हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला असता. ज्या शहराने वर्षानुवर्षे नळाच्या पाण्यासाठी दिवसेंदिवस वाट पाहिली, त्याला पाण्याचा प्रश्न शिकवावा लागत नाही.

घरकुलामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाखांचे अनुदान आहे. पण घराच्या किमतीचा गाभा जमीन आहे. शहर वाढते, रस्ते होतात, कारखाने येतात आणि जमिनीचे मोल चढते. ही अनर्जित मूल्यवाढ समाजाने निर्माण केलेली असते आणि खिशात मात्र जमीनमालकाच्या व विकासकाच्या जाते. तिला हात न लावता वाटलेले अनुदान अखेर जमिनीच्या भावातच मुरते.

या मूल्यवाढीतील अल्पसा वाटा समाजाकडे वळविणारा एक नियम आज अस्तित्वात आहे. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत 4,000 चौरस मीटर व त्याहून मोठ्या गृहप्रकल्पात 20 टक्के हिस्सा दुर्बल व अल्प उत्पन्न गटांच्या छोट्या घरांसाठी ठेवावा लागतो. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या 11 लाख 75 हजार होती. म्हणजे येथे हा नियम लागू आहे. नाशिकमध्ये अशी घरे म्हाडाकडे सोपविलीच गेली नाहीत, या आरोपावरून 2022 साली विधिमंडळ दणाणले. एका भूखंडाचे कागदोपत्री तुकडे केले की मर्यादा चुकविता येते. ही चलाखी पकडण्याची जागा मंत्रालय नव्हे, नगररचना विभागाचा आराखडा मंजूर होतो तेच टेबल आहे.

यावर बिल्डरांचे वकील म्हणतात, अटी घातल्या तर घरे बांधणार कोण? उत्तर याच शहरात उभे आहे. 1970 च्या दशकापासून सिडकोने येथे अल्प उत्पन्न गटांसाठी हजारो घरे बांधली. आज कोट्यवधींचे व्यवहार होणारी वस्ती त्याच पायावर उभी आहे. दुसरे उत्तर गोरेगावात आहे. कमाल नागरी जमीन धारणा कायद्यातील सवलतींच्या पळवाटांविरुद्ध मृणाल गोरे आणि बाबुराव सामंत लढले आणि नागरी निवारा परिषदेने दिंडोशीत सुमारे 6 हजार कुटुंबांना घरे दिली. तो कायदा महाराष्ट्राने 2007 मध्ये रद्द केला. लढ्याचा धडा मात्र रद्द झालेला नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी केवळ चौकशीच्या निकालाची वाट पाहत बसू नये. प्रत्येक घरकुल योजनेची प्रभागनिहाय जाहीर सुनावणी व्हावी. 20 टक्क्यांच्या घरांची प्रकल्पवार नोंदवही महापालिकेच्या दारावर लागावी. सरकारी जमीन विकासकाच्या हाती देण्यापूर्वी तिच्या मोलाचा हिशेब सभागृहापुढे यावा. या मागण्या घेऊन अर्जदारांच्या वस्त्यांत जावे आणि त्यांच्यासह सभागृहाच्या दारात उभे राहावे. ज्याला त्या घरात राहायचे आहे, त्याच्या डोळ्यांदेखत झालेली छाननीच खरी छाननी होय.