जळालेली मोटार आणि उपेक्षित कारागीर

शेताला पाणी कोण देते, असे विचारले तर विहीर, धरण, कालवा, वीज अशी उत्तरे सहज येतात. परंतु ऐन वैशाखात पंपाची मोटार जळते, तेव्हा ही सारी उत्तरे निरुपयोगी ठरतात आणि शेतकरी ती जळकी मोटार घेऊन तालुक्याच्या गावी धाव घेतो. तेथे हाताने तांब्याच्या तारेच्या कॉइल गुंडाळणारा वाइंडिंग मिस्त्री हाच त्याचा आधार असतो. कृषिविकासाच्या चर्चेत या माणसाचे नाव कधी ऐकू येत नाही. ते यावयास हवे, इतके त्याचे काम मोलाचे आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले अचलपूर आणि त्याला लागून असलेले परतवाडा हा संत्र्याचा मुलूख. वरूड, मोर्शी, चांदूरबाजार आणि अचलपूर या तालुक्यांच्या बागांनी अमरावती जिल्ह्याला संत्र्याच्या नकाशावर अग्रस्थान दिले. आंबिया बहराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळे अजून लहान असतानाच वऱ्हाडचा उन्हाळा तापू लागतो. त्या दिवसांत पाण्याची पाळी चुकली की फळगळ सुरू होते. मोटार दोन दिवसांत सुरू होणे आणि दहा दिवसांनी सुरू होणे यांत वर्षभराच्या उत्पन्नाचा फरक पडू शकतो. मुलीचे लग्न, मुलाच्या महाविद्यालयाचे शुल्क, सोसायटीचे कर्ज हे सारे अखेर त्या कॉइलच्या टिकाऊपणावर अवलंबून राहते.

मोटार भरणे हे केवळ हातचलाखीचे काम नाही. आधी निदान करावे लागते. जाणता मिस्त्री मोटार उघडताच काळवंडलेल्या कॉइलची मांडणी पाहतो. तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच काळ्या पडल्या असतील, तर मोटारीवर भार अधिक पडला किंवा विजेचा दाब कमी होता, असे समजावे. स्टार जोडणीत दोन फेज जळून तिसरी शाबूत राहिली, किंवा डेल्टा जोडणीत एकच फेज जळाली, तर मोटार चालू असताना एक फेज गेली होती, हे निश्चित. एकाच जागी डाग दिसला, तर तेथील तारेचे आवरण फाटले असणार. रोगाचे कारण न शोधता केलेले वाइंडिंग त्याच कारणाने पुन्हा जळते आणि कूपनलिकेतून पंप काढण्या-सोडण्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी दुसऱ्यांदा बसतो.

या कारणांचे मूळ बहुधा शेताबाहेर असते. रोहित्रापासून दूर, वाहिनीच्या टोकाला असलेल्या पंपाला पुरेसा दाब मिळत नाही. ४१५ व्होल्टऐवजी ३३२ व्होल्ट, म्हणजे ८० टक्केच दाब मिळाला, तर मोटारीचे फिरविण्याचे बळ ६४ टक्क्यांवर येते. कारण हे बळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. तेवढाच भार ओढण्यासाठी मोटार मग अधिक प्रवाह घेते आणि तापते. आवरणाचे तापमान सतत १० अंशांनी वाढले तर त्याचे आयुष्य सुमारे निम्मे होते, हा विद्युत अभियांत्रिकीतील सर्वमान्य ठोकताळा आहे. त्यात एक फेज नसताना कंडेन्सर लावून मोटार रेटण्याची सवय. रात्रपाळीच्या विजेने जेरीस आलेल्या शेतकऱ्याला त्याबद्दल दोष देणे सोपे आहे, पण त्या सवयीची किंमत अखेर त्याच्याच मोटारीला मोजावी लागते.

निदानानंतरचे काम संयमाचे आहे. जुन्या कॉइल कापण्यापूर्वी खाचांची संख्या, प्रत्येक कॉइलचे वेढे, तारेचा गेज, कॉइलचा पल्ला आणि जोडणी यांची नोंद घ्यावी लागते. खाचा साफ करून त्यांत लेदरॉइड कागद बसवायचा, फर्म्यावर मोजून वेढे घ्यायचे, तारेला ओरखडाही न पडता कॉइल खाचेत उतरवायची आणि वर बांबूची पट्टी ठोकायची. मग तिन्ही फेजचा रोध सारखा आहे का हे पाहायचे आणि कॉइलमधून लोखंडाकडे वीज झिरपत नाही ना, हे मेगरने तपासायचे. विहिरीवरच्या मोनोब्लॉक मोटारीला वॉर्निश देऊन भाजावे लागते. पाण्याने भरलेल्या पाणबुडी मोटारीत प्लॅस्टिकच्या आवरणाची तार वापरतात. यातील एक पायरी गाळली, तरी दोष त्या दिवशी दिसत नाही. तो शेतात, भर दुपारी दिसतो.

या व्यवसायात सारेच निर्दोष आहे, असा दावा कोणी करू नये. स्वस्तात काम हवे असलेले गिऱ्हाईक आणि घाईत असलेला कारागीर एकत्र आले की तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमची किंवा मूळ गेजपेक्षा बारीक तार खाचेत जाते. अ‍ॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून अधिक असतो. मोटार चालते, पण वीज उष्णतेत वाया जाते. जुनी कॉइल सुटावी म्हणून स्टेटर उघड्या आगीत टाकला, तर लोखंडी पत्र्यांमधील पातळ आवरण जळते आणि मोटार कायमची खादाड होते. याउलट, योग्य पद्धतीने केलेल्या वाइंडिंगने मोटारीची कार्यक्षमता टिकून राहते, असे मोटार दुरुस्ती व्यावसायिकांच्या अमेरिकी व ब्रिटिश संघटनांनी २००३ साली केलेल्या चाचण्यांत दिसून आले. महाराष्ट्रात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे. त्यामुळे वाया जाणारी वीज शेतकऱ्याच्या बिलात दिसत नाही. पण ती कोणाच्या तरी खिशातून जातेच, आणि तो खिसा समाजाचा आहे.

मग हे कौशल्य शास्त्रशुद्ध व्हावे म्हणून काय केले गेले? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या दोन वर्षांच्या वीजतंत्री अभ्यासक्रमात वाइंडिंग शिकवितात. परंतु तालुक्याच्या दुकानात उस्तादाच्या हाताखाली बसून शिकलेल्या मुलाकडे प्रमाणपत्र नसते आणि प्रमाणपत्र नसले की बँकेचे दारही किलकिलेच उघडते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेने कारागिराला प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजाने ३ लाखांपर्यंत कर्ज देऊ केले. ही योजना स्वागतार्हच आहे. मात्र तिच्या १८ व्यवसायांत सुतार, लोहार, कुंभार, शिंपी आहेत. मोटारीचे वाइंडिंग करणारा नाही. हातांनी आणि अवजारांनी काम करणारा, गुरूकडून विद्या घेणारा हा कारागीर विश्वकर्म्याच्या परंपरेत बसत नाही, असे कोण म्हणेल?

सौरपंप आले, आता मिस्त्रीची गरज संपली, असाही एक युक्तिवाद होतो. तो फसवा आहे. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्केच रक्कम भरावी लागते आणि ५ वर्षांची हमी मिळते. परंतु सौरपंपाच्या मोटारीतही कॉइलच असतात; भर पडते ती नियंत्रकाची. हमी संपल्यावर सहाव्या वर्षी तो पंप अचलपूर-परतवाड्यात दुरुस्त होणार की सुट्या भागासाठी परप्रांताकडे डोळे लावून बसावे लागणार, हे आज कोणाला शिकविले जाते त्यावर ठरेल. स्वदेशीचा खरा अर्थ यंत्र देशात बनण्यापुरता मर्यादित नाही; ते गावात दुरुस्त करता येणे हाही त्याचाच भाग आहे.

उपाय अवघड नाहीत. जाणत्या मिस्त्रींच्या कौशल्याची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र द्यावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी संध्याकाळच्या वेळी सौरमोटार व नियंत्रक दुरुस्तीचे वर्ग चालवावेत. विश्वकर्मा योजनेच्या यादीत या व्यवसायाची भर घालावी. प्रत्येक दुरुस्तीसोबत तारेचा गेज, वेढे आणि जळण्याचे कारण लिहिलेली चिठ्ठी देण्याची प्रथा पडावी. शेतकऱ्यानेही ‘किती घेणार?’ या प्रश्नाआधी ‘का जळाली?’ हे विचारावे आणि फेज गेल्यावर पंप आपोआप बंद करणारे उपकरण बसवावे.

आणि एक गोष्ट सुशिक्षित घरांनी करावयाची आहे. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या मुलाचे कौतुक करताना, कागदावरची आकृती प्रत्यक्ष तांब्यात उतरविणाऱ्या मुलालाही त्याच पंक्तीत पान वाढले पाहिजे. अचलपूरची फिनले मिल २०२० साली थांबली, तेव्हा त्याची बातमी झाली, आंदोलने झाली. बाजारपेठेतले एखादे वाइंडिंगचे दुकान वारस न मिळाल्याने बंद होते, तेव्हा कोणालाच कळत नाही. ते कळते पुढच्या उन्हाळ्यात, जेव्हा पाण्याने भरलेल्या विहिरीकाठी बाग वाळत असते.