रेषेला हरकत कोणाची?

चित्र म्हटले की आपल्या समाजात पहिला शब्द उठतो तो 'हराम'. आम्ही माणगावात उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवतो, म्हणून विचारतो : हरकत नेमकी कशाला? सजीवाच्या तसबिरीला, असे उत्तर मिळते. ठीक आहे. मग ज्यांच्या रेषाचित्रांत ना माणूस ना पाखरू, त्या नसरीन मोहमदी आपल्या घरांत कोणाला ठाऊक का नाहीत?

१९३७ साली कराचीत जन्मलेल्या नसरीन लंडनला शिकल्या, १९७२पासून बडोद्याच्या विद्यापीठात चित्रकला शिकवत राहिल्या आणि १९९० साली आपल्याच रायगड जिल्ह्यात, किहीमला वारल्या. कागद, शाई, पेन्सिल आणि नेमक्या अंतरावर ओढलेल्या रेषा, एवढीच त्यांची सामग्री. चित्रांना बहुधा नावही दिले नाही. जाणकारांना त्यांत जपानच्या झेन विचाराची छाया दिसते; आम्हाला मशिदीच्या जाळीची शिस्तही दिसते. २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने नवी शाखा उघडली, तेव्हा पहिल्याच प्रदर्शनांत त्यांची चित्रे होती. आपल्या मोहल्ल्यांत ही गोष्ट मुलींना कोणी सांगितली?

जलशांतून खत्तातीचा अभिमान मिरवायचा आणि शाळेत चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकायचा, हा दुटप्पीपणा आहे. मजहबची ढाल करून आपण आपली अनास्था झाकतो. येत्या जूनपासून तो तास चित्रकलेलाच द्या. मुलींच्या हाती पट्टी-पेन्सिल द्या. रेषा ओढल्याने कोणाचे ईमान जात नाही.