तवंगाचा मान

आमच्याकडे पाहुण्याला ताट वाढलं की घरातल्या बाया पाहुण्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, वाटीकडे बघतात. रश्श्यावर तवंग आला पाहिजे. लालभडक, जाड, भाकरीचा तुकडा बुडवला की बोटांवरून ओघळणारा. तवंग आला म्हणजे मान राखला. नाही आला तर पाहुणा गावी जाऊन सांगतो, जेवू घातलं बाबा, पण नुसतं पाणी होतं. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा, सगळ्या कसमादेत हीच मोजपट्टी. मी आता साठीला आले. ह्या तवंगाशी माझं भांडण बरंच जुनं आहे आणि ते आज लिहून काढते आहे. ज्यांना राग धरायचा त्यांनी खुशाल धरावा.

वांग्याचंच घ्या. गिरणाकाठचं कोवळं वांगं, देठाला काटे असलेलं. त्याला आपण काय करतो? काळा मसाला, भाजलेलं खोबरं, शेंगदाण्याचं कूट, लसणाचा अख्खा गड्डा, आणि वरून पळ्या भरभरून तेल. शेवटी ताटात वांगं शोधावं लागतं. त्या जागी बटाटा टाकला असता तरी कोणाला कळलं नसतं. शेवभाजी तर त्याच्याही पुढची. तीत भाजी नाहीच. बेसनाची तळलेली शेव तेलाच्या रश्श्यात सोडायची आणि तिला भाजी म्हणायचं. (मला ती आवडते. महिन्यातून एकदा मीही खाते. पण तिला भाजी म्हणत नाही.) आणि लग्नात पनीर. ज्याच्या मळ्यात मेथी, गिलकी, दोडके, शेवगा उभा आहे तो माणूस ते सगळं गाडीत घालून बाजारात नेतो आणि येताना फरसाणची पुडी आणतो.

हे असं का झालं, याचं उत्तर मला माझ्या आईनं दिलं. मला ते फार उशिरा समजलं.

१९७२ चा दुष्काळ. मी तेव्हा सहा-सात वर्षांची. आई-अण्णा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. सुकडी मिळायची, परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा. त्याची भाकरी काही केल्या थापली जात नसे. पण आईच्या मनात बसलेत ते १९७३ च्या पावसाळ्याचे पहिले दोन महिने. पाऊस पडला, उसनवारीचं बी पेरलं, आणि घरात दाणा उरला नाही. त्याच पावसानं बांधाबांधावर तरोटा उगवला. कोकणात ज्याला टाकळा म्हणतात तो. आईनं तो रोज खुडून आणला, रोज उकडला, मीठ टाकून आम्हाला घातला. तेल नव्हतंच. शेवटी शेवटी मी त्या वासानंच रडायला लागायचे म्हणे. मला आठवत नाही. तिला आठवतं.

पुढे दिवस बदलले. विहिरीला पाणी लागलं, मोटार बसली, कांद्यानं हात दिला. चाळ उभी राहिली, घर सिमेंटचं झालं. आणि आईनं तेलाचा डबा आणला. पंधरा किलोचा, पत्र्याचा. तो कोपऱ्यात उभा असायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा असायचा. तिचा हात सुटला तो सुटलाच. आजोबांच्या काळात आमच्या घरी पळीनं तेल मोजत. आईनं मोजणं सोडलं. त्यात तिचा सूड होता आणि प्रेमही होतं, आणि दोन्ही आमच्या ताटात पडत होतं.

२०११ साली अण्णांना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा अर्धी गेली. रक्तदाब कितीतरी वर्षं चढलेला होता, कोणी मोजलाच नव्हता. नुसत्या तेलामुळे झालं असं मी म्हणत नाही. तंबाखू होती, लोणचं-पापडाशिवाय घास उतरत नव्हता, आणि मोटार आल्यापासून चालणं संपलं होतं. पण डॉक्टरांनी सांगितलं, मीठ कमी, तेल कमी, पालेभाजी रोज. मी आईला तसं बजावलं. ती चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "तुले काय माहीत बाई, त्या सालले आम्ही पाला खाई खाई जगनूत. आते पैसा शे, तरी तेच खावाचं? कसाले?"

मला तेव्हा राग आला होता. अडाणीपणा वाटला. मी शहाणपण शिकवायला गेले आणि आठ दिवस आमचं बोलणं बंद राहिलं. आज म्हणेन, तिचा प्रश्न बरोबर होता, उत्तर चुकीचं होतं. भूक आणि भाजी ह्या दोन गोष्टी तिच्या डोक्यात एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या. तिच्याच नव्हे, तिच्या अख्ख्या पिढीच्या. भूक गेली तशी त्यांनी भाजीही टाकून दिली. आम्ही पुढच्यांनी मात्र काही न सोसता ती लाज तेवढी उचलली. आमच्या पोरांना तरोटा ओळखता येत नाही. तणनाशक मारून तो जाळतात आणि रात्री ढाब्यावर जातात.

त्या वर्षी मी बसून हिशेब केला. घरात माणसं पाच, डबा दोन महिन्यांत खलास. म्हणजे माणशी रोज ५० ग्रॅम तेल, बाहेरचं भजी-वडे-फरसाण वेगळं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिवसभराच्या ताटाचं जे प्रमाण सांगितलं त्यात तेल-तूप २७ ग्रॅम आहे आणि भाज्या ४०० ग्रॅम. आमच्या घरात तेल दुपटीला टेकलेलं आणि भाजी? वाटीभर रश्श्यात दोन फोडी. शिवाय हे तेल आपलं तरी आहे का? आमच्या पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात खुरासणी होते, मळ्यात भुईमूग व्हायचा, गावाच्या घाण्यावर तेल निघायचं. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं आणि त्यात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाचा. ज्या तवंगावर आपण कसमादेचा मान मोजतो तो बोटीनं आलेला असतो.

हे एवढं लिहिलं म्हणून दुसऱ्या बाजूच्यांनी टाळ्या वाजवू नयेत. त्यांच्याशीही माझं भांडण आहे.

ऑगस्टात आदिवासी दिनाच्या सुमारास हल्ली ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात. अशा एकाला मी गेले होते. दळवट-कनाशीकडच्या डोंगरातल्या कोकणी बाया पहाटे उठून कुर्डू, करटोली, बांबूचे कोंब घेऊन आल्या होत्या. टेबलं मांडलेली, प्रत्येक भाजीपुढे पाटी. ही मधुमेहावर, ही मूतखड्यावर, ही कर्करोगावर. बायांनी त्या पाट्या लिहिल्या नव्हत्या. पानात लोह असतं, चोथा असतो, जीवनसत्त्वं असतात, एवढं काय थोडं आहे? कर्करोग बरा करायचं ओझं त्या जुडीवर कशाला? मग पाककृतीची स्पर्धा झाली. पहिलं बक्षीस तरोट्याच्या कटलेटला, ब्रेडचा चुरा लावून तळलेल्या. त्या बायांना घरी कशी करता हे कोणी विचारलं नाही. मी एकीला विचारलं, तर ती तोंडाला पदर लावून हसली. "कशी म्हंजे? कांदा, मिरची, मीठ. डाळ असली तं डाळ." संध्याकाळी करटोली विकून झाली तेव्हा त्याच पैशांत तिनं बटाटे आणि तेलाची पिशवी घेतली. तिला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. माझ्या आईनं तेच केलं होतं.

तर ती भाजी अशी. पावसाच्या पहिल्या पंधरवड्यातला कोवळा पाला घ्यायचा. आधी धुवायचा, मग चिरायचा. उलटं केलं तर सत्त्व पाण्याबरोबर मोरीत जातं. लोखंडी कढईत चौघांसाठी दोन लहान चमचे तेल. ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा जरा जास्त. तासभर भिजवलेली मूठभर तुरीची डाळ. वर पाला, झाकण. पाणी घालायचं नाही, पाला स्वतःचं पाणी सोडतो. मीठ अगदी शेवटी, कारण टोपलीभर पाला आळून वाटीभर होतो आणि आधी टाकलं की हमखास खारट. काढून लगेच दुसऱ्या भांड्यात ठेवायची. पानात लिंबू, कारण आंबटाबरोबर पाल्यातलं लोह अंगी लागतं. नागलीची नाहीतर बाजरीची भाकरी. अंबाडी असेल तर लिंबू नको, तांदळाच्या कण्या घालायच्या. गिलकी तर दहा मिनिटांत होतात.

यात सोपं काय आणि अवघड काय, हेही बोललं पाहिजे, कारण "साधं खा" असं सांगणारे बहुतेक पुरुष असतात. शिजायला पंधरा मिनिटं खरी. पण खुडायला एक तास, निवडायला अर्धा तास. दिवसभर कांदा खांडून आलेल्या बाईला तो अर्धा तास कुठून आणायचा? ती मसाल्याची पुडी फोडते, तेल ओतते, पाच मिनिटांत रस्सा उकळतो आणि कोणी कुरकुर करत नाही. तवंगाखाली सगळं झाकलं जातं. म्हणून ज्याला साधी भाजी हवी त्यानं पारावरून घरी यावं आणि ताट मांडीवर घेऊन पाला निवडावा. टीव्ही बघत निवडता येतो. माझ्या भावाला हे मी सांगितलं तेव्हा वहिनी पाठ फिरवून हसत होती. आता तो शेंगा सोलतो, पाल्याला अजून हात लावत नाही.

अण्णा लकव्यानंतर सहा वर्षं जगले. त्यांच्यासाठी आईनं तेल कमी केलं, पण रोज वेगळा टोप ठेवून; आमच्या रश्श्यात तवंग होताच. अण्णा डाव्या हातानं जेवायचे आणि आमच्या वाटीकडे बघायचे. त्यांना आजारी माणसाचं अन्न वाढतोय हे त्यांना रोज दोन वेळा कळत होतं. सगळ्या घरानं एकच भाजी खाल्ली असती तर? ही चूक आईची एकटीची नव्हती. मीही माहेरी गेले की त्याच रश्श्यात भाकरी चुरायचे.

आई आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. तरोटा ती आजही खात नाही आणि मी आग्रह करायचं सोडलंय. गेल्या जूनमध्ये मी बांधावरून ओटा भरून आणला आणि ओट्यावर निवडत बसले होते. ती काठी टेकत आली, वाकून बघितलं. दोन-चार डहाळ्या उचलून तिनं बाजूला फेकल्या. म्हणाली, हा जून झालाय, याचा चोथा होईल. विहिरीच्या वरच्या अंगाला जा, तिथं चार पानांचा असेल.