डबल झाले, पण किती वर्षांत?

गेल्या शनिवारी पुण्याहून सांगलीला घरी निघाले होते. साताऱ्यात कंदी पेढे घ्यायला उतरले आणि बाबांचा फोन. ‘‘आलीच आहेस वाटेत, तर तो प्लॉट बघून ये. सात वर्षांत डबल होतो म्हणे!’’

बाबा नुकतेच रिटायर झालेत. हातात 32 लाख. समोर दोन ऑप्शन : साताऱ्याजवळ प्लॉट किंवा सांगलीत तळमजल्यावरचा टू बीएचके, भाड्याने द्यायला. घरात दोन पार्ट्या पडल्यात. दादा प्लॉटवाला, बाबा फ्लॅटवाले. आई न्यूट्रल. आणि मी पडले मास कॉमवाली, माझ्या गणिताबद्दल न बोललेलंच बरं! तरी रविवारी भडंगाचा डबा मांडीवर घेऊन एक्सेल उघडलं. आणि लक्षात आलं, हे गणित सहावीचंच आहे.

आधी ‘डबल’चा फंडा. 72 ला वर्षांनी भागायचं, की दरसालचा वाढीचा टक्का मिळतो. सात वर्षांत डबल म्हणजे 10 टक्के. सॉलिड! पण दहा वर्षांत डबल म्हणजे फक्त 7, आणि बारा वर्षांत 6. 2020 मध्ये साताऱ्याची हद्दवाढ झाली, पुणे जेमतेम 110 किलोमीटर, सगळं मान्य. पण एजंटने सांगितलेला भाव हा त्याचा भाव. खरा भाव शेजारच्या प्लॉटच्या नोंदणीत, म्हणजे सूची क्रमांक दोनमध्ये बघायचा. शिवाय जमीन एनए आहे का, लेआउट मंजूर आहे का, प्रोजेक्ट 500 चौरस मीटरच्या वर असेल तर महारेराकडे नोंदवलाय का, हे आधी. हे नसेल तर टक्केवारी काढायचीच कशाला?

आता फ्लॅट. किंमत 30 लाख. स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, वकील धरून 32. भाडं महिना 8 हजार, वर्षाचे 96 हजार. ‘‘तीन टक्क्यांच्या वर सुटतात की,’’ बाबा खूश. पण एक महिना घर रिकामं राहणार, 8 हजार गेले. मेंटेनन्स 12 हजार, घरपट्टी 6, रंगरंगोटी-दुरुस्ती 6. उरले 64 हजार. भागिले 32 लाख, बरोब्बर 2 टक्के!

आणि सांगलीत एक खर्च असा आहे, जो एजंट कधीच सांगत नाही. कृष्णामाई. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. 2005, 2019, 2021 : सोळा वर्षांत तीन महापूर. म्हणून जागा पूररेषेच्या नकाशावर बघायचीच. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. हा फ्लॅट निघाला दोन रेषांच्या मधे. आठ वर्षांतून एकदा पाणी आलं, लाखभर दुरुस्तीत आणि तीन महिन्यांचं भाडं बुडालं असं धरलं, तर वर्षाला आणखी 15 हजार वजा. उरला दीड टक्का.

मग तुलना कशी करायची? दोघांना एकच पट्टी लावायची. बँकेत 7 टक्के मिळतात असं धरू. बरोबरी करायची तर फ्लॅटची किंमत दरवर्षी साडेपाच टक्के वाढायला हवी. प्लॉटला भाडं नाही, त्यामुळे तिथे पूर्ण 7 टक्के, वर कुंपणाचा खर्च. आता प्रश्न ‘डबल होईल का’ हा नाही. ‘एवढं वाढेल याची मला खात्री आहे का’ हा आहे.

मी विजयी मुद्रेने लॅपटॉप फिरवला. तेवढ्यात न्यूट्रल आई कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, ‘‘उद्या ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, तर यातलं काय आठ दिवसांत विकलं जाईल गं?’’

दादा गप्प. बाबा गप्प. माझ्या एक्सेलमध्ये हा कॉलमच नव्हता.

तूर्त ठरलंय ते असं : 20 लाख सिनियर सिटिझन योजनेत, बाकीचे बँकेत. जागा बघायची ती यंदाचा पावसाळा पाहून, आणि पहिल्या मजल्याच्या वरचीच. बाबा अजून थोडे नाराज आहेत. मी त्यांना पेढा दिला आणि एक्सेलमध्ये नवा कॉलम टाकला : ‘हातात पैसे यायला किती दिवस?’

तुमच्या शीटमध्ये आहे का हो हा कॉलम?