धुराची तपासणी दरवर्षी, ब्रेकची पंधरा वर्षांनी

ताशी २५० किलोमीटर वेग गाठू शकणारी मोटार बंगळुरूत बहुतेक वेळ सायकलच्या गतीने चालते. टॉमटॉमच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकानुसार या शहरात १० किलोमीटर अंतर कापायला सरासरी ३४ मिनिटे १० सेकंद लागत होते, म्हणजे ताशी जेमतेम साडेसतरा किलोमीटर. पुणेही फार मागे नव्हते : ३३ मिनिटे २२ सेकंद. अशा शहरात शक्तिशाली गाडी बाळगणाऱ्याचा सहज समज होतो, की गाडी कमी पळाली, म्हणजे कमी झिजली. हा समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत केवळ मालकालाच मोजावी लागते असे नाही.

ब्रेक ऑइलचेच उदाहरण पाहावे. पायाने दिलेला दाब चाकांपर्यंत पोहोचतो तो द्रव दाबला जात नाही या गुणधर्मामुळे. मात्र हे ग्लायकॉलयुक्त द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ४’ प्रकारच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. द्रव उकळले, की नळ्यांत वाफ होते. वाफ दाबली जाते. पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. ओलावा शोषण्याची ही क्रिया गाडी गॅरेजमध्ये उभी असतानाही चालूच असते. म्हणूनच अनेक उत्पादक हे द्रव सुमारे दोन वर्षांनी बदलण्यास सांगतात, मग गाडी कितीही कमी चाललेली असो.

आता उष्णतेचा हिशेब. १,६०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबते, तेव्हा सुमारे ६ लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. वेग दुप्पट झाला, की ऊर्जा चौपट : सुमारे २५ लाख ज्यूल. २५ अंशांचे जवळजवळ ८ लिटर पाणी उकळीला आणण्यास तेवढी पुरते. पण ब्रेकची परीक्षा केवळ वेगच घेतो असे नाही. बंगळुरूकरांची रविवारची आवडती सहल म्हणजे १,४७८ मीटर उंचीची नंदी टेकडी. तिथून ५०० मीटर उतरताना हीच गाडी सुमारे ७८ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा गमावते, वेग ताशी ३० किलोमीटर असला तरी! त्यातली काही इंजिन आणि हवा शोषून घेतात, ब्रेकना निवण्यास वेळही मिळतो. परंतु खालचा गिअर न टाकता सारा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याच्या गाडीत बहुतेक भार डिस्कवर पडतो. आठवडाभर रांगलेली गाडी जुन्या द्रवासह त्या उतारावर येते, तेव्हा धोका कुणाच्याही नजरेस पडत नाही.

टायरचेही तसेच. खाचा खोल दिसल्या तरी रबर वयाने कडक होते आणि ओल्या रस्त्यावरची पकड घटते. टायरच्या बाजूवरील चार अंक त्याचा जन्म सांगतात : ३२२१ म्हणजे २०२१ चा ३२ वा आठवडा. ते वाचायला दहा सेकंद पुरतात. वाचणारे मात्र विरळा.

बंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गाचे उद्घाटन मार्च २०२३ मध्ये झाले. पुढे ताशी १३० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने वाहन हाकणाऱ्यांवर १ ऑगस्ट २०२४ पासून गुन्हा नोंदवण्याचे कर्नाटक पोलिसांनी जाहीर केले. हे योग्यच आहे. पण कॅमेरा वेग मोजतो, थांबण्याची क्षमता नाही. आपल्याकडे खासगी मोटारीच्या धुराची पीयूसी तपासणी साधारण दरवर्षी होते. ब्रेकची सक्तीची तपासणी मात्र १५ वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणावेळी. ब्रिटनमध्ये नव्या गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी, तर जर्मनीत तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी होते.

आणखी एक तपासणी म्हणजे आणखी एक कागदी शिक्का, हा आक्षेप निराधार नाही. म्हणून सुरुवात लहान असावी : पीयूसी केंद्रावरच ब्रेक ऑइलमधील ओलावा मोजावा आणि टायरचा जन्मआठवडा नोंदवावा. यंत्र पेनाएवढे, काम काही मिनिटांचे. हा नियम महागड्या गाड्यांपुरता नसावा. लहान मोटारीतही तेच द्रव असते. फरक एवढाच, की वेगवान गाडीची चूक वेगाच्या वर्गाने वाढते.

गाडीचा वेग तिच्या मालकाने विकत घेतलेला असतो. ती वेळेवर थांबेल हा विश्वास मात्र समोरून रस्ता ओलांडणाऱ्याचा असतो, आणि त्याला त्या ब्रेक ऑइलचे वय विचारण्याची सोय नसते.