आवडीची शेती की विम्याची नोकरी? निर्णयाआधी हे समजून घ्या

भोर तालुक्यातील आंबवडे परिसरात शेती आणि दुधाच्या धंद्यात रमलेल्या तरुणापुढे शिरवळच्या कंपनीचाही पर्याय असतो. पगाराइतकीच ओढ असते ती आरोग्य विम्याची.

कंपनीत काय मिळते?
महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असेल, तर 'ईएसआय' लागू होतो. कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. कामगारासह पत्नी, मुले व आश्रित आई-वडिलांना तपासणी, औषधे आणि उपचार मिळतात. कामगार आजारी पडल्यास ठरावीक दिवस वेतनाच्या ७० टक्के भत्ताही मिळतो.

शेतकऱ्याला काय?
महात्मा फुले जनआरोग्य योजना. २०२३ च्या निर्णयानुसार राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. हप्ता नाही.

फरक कुठे?
ही योजना अंगीकृत रुग्णालयात दाखल झाल्यावर, ठरलेल्या उपचारांसाठीच चालते. खासगी दवाखान्यातली तपासणी, रोजच्या गोळ्या आणि बुडालेला रोजगार यांचा भार घरावरच.

मग निवड कशी?
भीती फक्त मोठ्या ऑपरेशनची असेल, तर तेवढ्यासाठी शेती सोडण्याची घाई नको. घरात कायमचा आजार असेल, तर 'ईएसआय'चे पारडे जड. मात्र नोकरी सुटली, की काही काळाने हे कवचही सुटते.