गेटवर कोण होतं?

दसऱ्याच्या सुट्टीत मी म्हैसूरला घरी गेलो होतो. आमचे घर कुवेंपुनगरमध्ये आहे. आई नोकरी करते, बाबा फौजेत असल्यामुळे बहुतेक वेळ बाहेर असतात. घरी आजी आणि माझी धाकटी बहीण चिऊ. चिऊ चौथीत आहे. तिच्याकडे एक टॅब आहे. शाळेचा गृहपाठ त्यावरच येतो, म्हणून तो काढून घेता येत नाही. आईने प्ले स्टोअरला ॲप लॉक लावले आहे. नवीन ॲप हवे असेल तर मोठ्यांना विचारायचे, असा घरचा नियम आहे.

एका संध्याकाळी आई स्वयंपाकघरात होती. चिऊ टॅब घेऊन माझ्याकडे आली. "दादा, पासवर्ड टाक ना. फोटोला मुकुट लावायचं ॲप आहे." पासवर्ड मला ठाऊक होता, कारण टॅब मीच सुरू करून दिला होता. मी पुस्तकातून पूर्ण मान वरही न करता तो टाकला. ॲप उतरले. मग त्याने एकामागून एक परवानग्या मागितल्या आणि चिऊने प्रत्येक वेळी 'अलाउ' दाबले. मी ते पाहिलेसुद्धा नाही.

दोन दिवसांनी बाबा रजेवर आले. त्यांनी टॅब हातात घेऊन सेटिंग्ज उघडल्या. फोटोला मुकुट लावणाऱ्या त्या ॲपला लोकेशन, मायक्रोफोन आणि सगळे कॉन्टॅक्ट्स यांची परवानगी मिळालेली होती. टॅबवर आईचेच खाते जोडलेले आहे. त्यामुळे त्या कॉन्टॅक्ट्समध्ये बाबांच्या युनिटमधल्या काकांचे नंबरही होते.

बाबा चिऊला काही बोलले नाहीत. त्यांनी मला विचारले, "गेटवर कोण होतं?"

मी म्हणालो, "चिऊने डाउनलोड केलं."

"ती नऊ वर्षांची आहे. ती दार वाजवणारच. उघडलं कोणी?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. ॲप आम्ही लगेच काढून टाकले. पण ॲप काढले म्हणून गेलेली माहिती परत येत नाही. काही गेले की नाही, हेही आम्हाला कधी कळणार नाही. ओरडा खाल्ल्यापेक्षा हेच मला जास्त लागले.

आपल्यापैकी अनेकांचे वडील फौजेत आहेत आणि उद्या आपणही जाऊ. म्हणून ही फक्त लहान मुलांच्या खेळण्याची गोष्ट आहे असे मला वाटत नाही. 2018 च्या जानेवारीत नेथन रुसर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने एक गोष्ट जगाच्या लक्षात आणून दिली. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने लोक कुठे धावतात याचा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला होता. सीरिया आणि अफगाणिस्तानच्या ओसाड भागात त्यावर काही रेषा चमकत होत्या. त्या सैनिकांच्या रोजच्या धावण्याच्या वाटा होत्या, म्हणजे तळ कुठे आहे हे सैनिकांच्या ॲपनेच सांगितले. कोणी हेरगिरी केली नव्हती. फक्त लोकेशनची परवानगी चालू राहिली होती. आपल्या सरकारनेही 29 जून 2020 रोजी 59 ॲप्सवर बंदी घातली, तेव्हा देशाची सुरक्षा आणि नागरिकांची माहिती हीच कारणे दिली होती.

माझे पहिले मत असे की ॲप उतरवणे आणि ॲपला परवानगी देणे ही दोन वेगळी गेट आहेत. बहुतेक घरांत पहिल्या गेटवर कुलूप असते आणि दुसरे सताड उघडे असते. आपल्या शाळेत पाहुण्याला मुख्य गेटवरून आत सोडले, म्हणून तो थेट आर्मरीत जाऊ शकतो का? अँड्रॉइडवर 2015 पर्यंत ॲप घेताना सगळ्या परवानग्या एकदमच द्याव्या लागत. त्यानंतर एकेक परवानगी वेगळी देता येऊ लागली, आणि 2020 पासून 'फक्त या वेळेपुरती' असाही पर्याय आला. सेटिंग्जमध्ये परमिशन मॅनेजर असतो. कोणत्या ॲपला लोकेशन आहे, कोणाला माईक आहे, हे तिथे एका यादीत दिसते. पाच मिनिटांचे काम आहे. दर रविवारी आपण कपाटाची तपासणी देतो, तशी याचीही द्यावी.

दुसरे मत पासवर्डबद्दल. आमच्या घरचा पासवर्ड आईचे जन्मसाल होता. नंतर समजले की चिऊला तो केव्हाच पाठ झाला होता. समोर बसून बोटे पाहिली की झाले. तरीही ती विचारायला आली, हा तिचा प्रामाणिकपणा. आता आम्ही तिचे वेगळे खाते काढून फॅमिली लिंकने आईच्या खात्याला जोडले आहे. चिऊने ॲप मागितले की विनंती आईच्या फोनवर जाते आणि आई तिथूनच हो किंवा नाही म्हणते. मुलाच्या टॅबवर पासवर्ड टाकावाच लागत नाही, मग तो दिसणार कसा? तिच्या खात्यात बाबांच्या ओळखीच्या कोणाचाही नंबर नाही. आणि मुख्य म्हणजे दादालाही आता पासवर्ड माहीत नाही. हे मीच सुचवले.

पासवर्ड एकदा टाकला की काम संपले, असेही नाही. पूर्वी ॲपलच्या उपकरणांवर पासवर्ड टाकल्यानंतर पंधरा मिनिटे पुन्हा न विचारता खरेदी करता येत असे. पालक एकदा पासवर्ड टाकून निघून जात आणि मुले खेळात खरेदी करत राहत. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने हे प्रकरण हाती घेतले आणि 2014 मध्ये ॲपलने किमान 3.25 कोटी डॉलर पालकांना परत करण्याचे मान्य केले. गेट उघडल्यावर ते पुन्हा बंद झाले का, हे पाहणे संत्रीचेच काम आहे.

काही जण म्हणतील, एवढी कटकट कशाला, टॅबच बंद करा. यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने 2022 मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल बंदीचा ठराव केला होता. त्यामागची काळजी मला समजते. पण त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने जे सुरू केले, ते मला जास्त पटते. तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास सगळ्यांचे मोबाइल आणि टीव्ही बंद, मोठ्यांचेही. मुले नियमापेक्षा तो पाळणाऱ्याकडे पाहतात. आई-बाबा प्रत्येक ॲपला न वाचता 'अलाउ' दाबत असतील, तर मूल वेगळे काय शिकणार?

आता थोडे आमच्या वयाबद्दल. आपल्या देशाच्या 2023 च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती घेण्यासाठी पालकांची संमती लागते. म्हणजे पंधरा वर्षांचा मीही बालकच. खरे सांगायचे तर हे वाचून मला थोडा राग आला. होस्टेलमध्ये आम्ही स्वतःचे बूट, बेड, वेळ सगळे सांभाळतो. पण मुकुटाच्या ॲपची गोष्ट आठवली आणि राग उतरला.

तरी पालकांना एक विनंती आहे. नऊ वर्षांच्या मुलीचे आणि पंधरा वर्षांच्या मुलाचे कुलूप एकच नको. चिऊला 'नाही' म्हणताना कारण सांगा, आणि आम्हाला कारण विचारा. हे ॲप कशाला हवे, ते काय मागते, हे मला सांगता आले तर परवानगी द्या. नाही सांगता आले तर देऊ नका. कारण न सांगता लावलेले कुलूप फक्त ते तोडायला शिकवते. हे होस्टेलमध्ये राहणाऱ्या कुणालाही वेगळे सांगायला नको.

आणि माझ्या मित्रांनो, पुढच्या सुट्टीत घरी गेलात की तुमच्या धाकट्या भावंडांचा टॅब एकदा उघडून पाहा. घरात तंत्रज्ञानातले सगळ्यात जास्त आपल्यालाच कळते असे आपण मानतो, म्हणून पासवर्डही आपल्याकडेच मागितला जातो. आपण गेटवर असतो तेव्हा पुस्तक बाजूला ठेवायचे असते. मी ठेवले नव्हते.

सुट्टी संपवून निघताना चिऊने आईच्या फोनवर एक विनंती पाठवली होती. चित्रे रंगवायचे ॲप होते. आईने आधी मला दाखवले. आम्ही दोघांनी ते काय काय मागते ते वाचले. ते काहीच मागत नव्हते. आईने 'हो' म्हटले.

जय हिंद.